क्लिफ पॅलेस कठड्यावरून दाखवून सहल पुरी होत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टीतील परदेश सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या दैनिकात रोज प्रसिद्ध होत आहेत. अमेरिकेच्या पश्चिम भागातील सहलींमध्ये ग्रँड कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅली यांच्या जोडीला आता कोलोरॅडो राज्यातील मेसा व्हर्डी आणि तेथील कड्याच्या कपारींत बांधलेली प्राचीन घरे यांचाही समावेश होऊ लागला आहे, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. मात्र ‘लुप्त झालेल्या रेड इंडियन जमातीचे गूढ अवशेष’ अशा शब्दांत या स्थळाचे वर्णन जेव्हा मी वाचते आणि त्याखाली दीड-दोन तासांचा थांबा दिलेला पाहते, तेव्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी हे स्थळ दोनदा पाहिले आहे. एकदा आपल्याकडच्या एका सहल कंपनीबरोबर, आणि पुढच्या वर्षी मुलीबरोबर, रीतसर मार्गदर्शकासह. या दोन भेटींत इतका फरक होता की पहिल्या खेपेला मी तेथे गेले होते असे म्हणणेही आता मला जड जाते.

पहिल्या सहलीत आम्ही अडतीस जण होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘क्लिफ पॅलेसला भेट’, म्हणजे मेसा व्हर्डीच्या कपारीतील एका वस्तीला भेट, असे स्पष्ट छापले होते. उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून क्लिफ पॅलेसच्या बाजूला जाणारा डोंगराचा वळणावळणाचा रस्ता पार करायलाच पाऊण तास लागतो, हे बहुधा कार्यक्रम आखणाऱ्याच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. टूर मॅनेजरांनी सांगितले की आत जाण्याची तिकिटे संपली आहेत. खरे कारण नंतर कळले: ती काढलेलीच नव्हती. समोरच्या पॉइंटवरून, लोखंडी कठड्याला टेकून, आम्ही पंचवीस मिनिटे दरीपलीकडच्या कपारीत दिसणारी ती मातकट पिवळी वस्ती पाहिली, फोटो काढले आणि बसमध्ये येऊन बसलो. मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘मॅडम, आतून काय आणि बाहेरून काय, तेच दिसतं. आत आता राहतंय कोण?’

हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही, कारण त्याचे उत्तर त्या भूमीवर गेल्यावर प्रत्येकाला मिळायला हवे आणि आम्हाला ते मिळाले नाही. ही घरे बांधणारे लोक लुप्त झालेले नाहीत. त्यांचे वंशज आज न्यू मेक्सिको राज्यातील एकोणीस पुएब्लो गावांत आणि ॲरिझोनातील होपी गावांत राहतात, टेक्सासमध्येही त्यांचे एक गाव आहे. ते आपापल्या भाषा बोलतात, मका पेरतात, आपले सण पाळतात. ‘पुएब्लो’ हा शब्द स्पॅनिश आहे आणि त्याचा अर्थ गाव एवढाच आहे. पूर्वी पुस्तकांतून ‘अनासाझी’ असा जो शब्द वापरला जाई, तो शेजारच्या नावाहो लोकांचा आहे. त्यात ‘शत्रूंचे पूर्वज’ असा भाव आहे आणि पुएब्लो लोकांना तो रुचत नाही. होपी लोक आपल्या या पूर्वजांना ‘हिसात्सिनोम’ म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने जुना शब्द सोडून ‘पुएब्लो लोकांचे पूर्वज’ असे म्हणायला सुरुवात केली, त्यालाही आता बराच काळ लोटला. आपल्या जाहिरातींत मात्र तो जुना शब्द आणि ‘गूढ’ हे विशेषण दोन्ही टिकून आहेत.

गूढ म्हणावे असे यात फार थोडे आहे, आणि जे कळलेले आहे ते अधिक विलक्षण आहे. मेसा व्हर्डीच्या पठारावर साधारण इसवी सन 550 पासून सातशेहून अधिक वर्षे लोक नांदत होते. मका, घेवडा आणि भोपळा ही त्यांची पिके, टर्की हा त्यांचा पाळीव पक्षी. या काळाचा बहुतेक भाग ते पठारावरच घरे बांधून राहिले. कपारीतील घरे ही शेवटच्या जेमतेम शंभर वर्षांची, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची. कोणते घर कोणत्या वर्षी बांधले हे छतातील तुळयांच्या लाकडातील वर्षवलये मोजून सांगता येते. 1929 मध्ये ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने या प्रदेशातील वलयांची मालिका अखंड जुळवली आणि तेव्हापासून येथील भिंतींना तारखा मिळाल्या. त्याच वलयांतून 1276 ते 1299 या काळातील दीर्घ अवर्षणही वाचता येते. आपल्याकडे देवगिरीवर रामदेवराय यादव राज्य करीत होता, त्या वर्षांत ही कुटुंबे एकामागून एक दक्षिणेकडे, रिओ ग्रान्दे नदीच्या खोऱ्याकडे आणि झुनी व होपी प्रदेशाकडे निघून गेली. पाऊस हटला होता, जमीन थकली होती, भांडणेही वाढली होती. दुष्काळात गाव सोडणे म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गाव सोडलेल्या माणसाला आपण लुप्त झाला असे म्हणत नाही.

दुसऱ्या खेपेस मुलीने पंधरा दिवस आधी तारीख ठरवून तिकिटे काढली. सध्याच्या पद्धतीत ही तिकिटे भेटीच्या 14 दिवस आधी सरकारी संकेतस्थळावर खुली होतात आणि हंगामात लगेच संपतात. त्यामुळे दारात जाऊन ती मिळतील अशा भरवशावर कोणी राहू नये. ठरल्या वेळी आम्ही पॉइंटवर जमलो. रेंजरने, म्हणजे उद्यानाच्या अधिकृत मार्गदर्शकाने, आधी दोन गोष्टी सांगितल्या: पाण्याखेरीज खाण्यापिण्याचे काहीही बरोबर घेऊ नका, आणि भिंतींना हात लावू नका, टेकू नका, त्यांवर बसू नका. खाऊचे कण सांडले की उंदीर-खारी येतात आणि त्या भिंतींच्या पायथ्याशी बिळे करतात; हाताचे तेल दगडाला आणि गिलाव्याला लागत राहते. मग ओबडधोबड दगडी पायऱ्या उतरून आणि लाकडी शिड्या चढून आम्ही त्या कपारीत पोहोचलो.

लांबून जे एक चित्र दिसत होते, ते जवळ गेल्यावर कोणाच्या तरी हातचे काम झाले. सुमारे दीडशे खोल्या आणि वीसहून अधिक कीवा, म्हणजे जमिनीखालच्या गोल खोल्या, त्या एका कपारीत सामावल्या आहेत. वालुकाश्माचे ठोकळे दगडानेच ठोकून, कोपरे साधून घडवलेले आहेत. दोन ठोकळ्यांमधील मातीच्या सांध्यात ओळीने लहान लहान कपच्या दाबून बसवलेल्या आहेत. आपल्याकडचा गवंडी दर्जा भरताना बसवतो तशाच. आणि एका ठिकाणी, माझ्या खांद्याच्या उंचीवर, त्या मातीत बोटांचे ठसे होते. चार बोटे ओली माती आत ढकलून खाली ओढली गेल्याच्या खुणा. बोटे लहान होती. बाईची असावीत किंवा मोठ्या मुलाची. माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो मागे घेतला. त्या क्षणी त्या नियमाचे कारण मला कोणी सांगावे लागले नाही.

पुढे एका खोलीपाशी दळणाचे दगड होते. तेथे त्यांना मेटाटे आणि मानो म्हणतात. आपण त्यांना पाटा-वरवंटाच म्हणू. पाट्याचा मधला भाग वापराने खोलगट झालेला होता. मका या दगडावर दिवसाचे कित्येक तास दळावा लागे आणि ते काम बायका गुडघ्यांवर बसून करीत, हे रेंजरने सांगितले तेव्हा आमच्या गटातील एका अमेरिकन बाईने नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. कीवाच्या आतली रचनाही रेंजरने वरून दाखवली: मधोमध चुलीचा खड्डा, भिंतीतून ताजी हवा आत आणणारा झरोका, ती हवा थेट विस्तवावर येऊ नये म्हणून मध्ये उभा केलेला दगड, आणि चुलीपलीकडे जमिनीत एक लहानसे भोक, ज्याला सिपापू म्हणतात. माणसे भूगर्भातून या जगात वर आली, त्या वाटेची ती खूण. पुएब्लो गावांतून कीवा आजही बांधल्या जातात आणि त्यांत विधी होतात. परक्याने त्यांत डोकवायचे नसते. कठड्यावर उभे राहून यातले एकही अक्षर आम्हाला कळले नव्हते.

पहिल्या सहलीतील आणखी एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते, कारण त्यात माझीही चूक आहे. पॉइंटवरून परतताना वाटेत पठारावरील फार व्ह्यू नावाच्या जुन्या वस्तीपाशी बस थांबली. तेथे मार्गदर्शकाशिवाय फिरता येते. आमच्यातील एका सद्गृहस्थांना पायवाटेच्या कडेला पांढऱ्यावर काळ्या रेघा असलेले खापराचे तुकडे दिसले आणि त्यांनी त्यातला एक, साधारण दोन बोटे रुंदीचा, नातवासाठी खिशात टाकला. मी ते पाहिले आणि बोलले नाही. सहलीत वाईटपणा कशाला घ्यायचा, असा विचार केला. बसमध्ये त्यांच्या पत्नीला ते कळले आणि त्या माउलीने उद्यानाच्या बाहेर पडण्यापूर्वी स्वागतकक्षापाशी बस थांबवायला लावून तो तुकडा टेबलावर ठेवायला लावला. तेथील रेंजर रागावल्या नाहीत. त्यांनी एक नकाशा पुढे केला आणि एवढेच विचारले की हा नेमका कुठे होता. त्या गृहस्थांना सांगता आले नाही. भिंतीच्या कोणत्या बाजूला, किती अंतरावर, कशाशेजारी, काहीच आठवेना. त्यांचा चेहरा उतरला. तुकडा परत मिळाला होता, पण तो कोणाच्या घरातला हे आता कधीच कळणार नव्हते.

असा तुकडा उचलणे हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, हे आम्हा अडतीस जणांना एकाही माणसाने सांगितलेले नव्हते. जागेवर रेंजर बरोबर असता तर हा प्रसंग घडलाच नसता, आणि टूर मॅनेजरांनी बसमध्ये दोन वाक्ये बोलली असती तरीही घडला नसता.

या कायद्यामागचा इतिहास आपल्या वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे. 1888 च्या डिसेंबरात गुरे शोधत निघालेल्या रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांना क्लिफ पॅलेस दिसला आणि त्यानंतर काही वर्षे त्या कपारींतून वस्तू उकरून विकण्याचा सपाटाच सुरू झाला. 1891 मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशल्ड हा तरुण स्वीडिश अभ्यासक तेथे आला, त्याने उत्खनन केले आणि पेट्याच्या पेट्या भरून वस्तू नेण्याची तयारी केली. त्याला डुरँगो गावात अटक झाली, पण त्याला अडवणारा कायदाच नसल्याने सोडून द्यावे लागले. तो संग्रह पुढे फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्यानंतर व्हर्जिनिया मॅक्लर्ग आणि ल्युसी पीबडी या दोन बायकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने चळवळ चालवली. 8 जून 1906 रोजी प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा झाला आणि त्याच महिन्याच्या 29 तारखेला मेसा व्हर्डी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. निसर्गाऐवजी माणसाच्या हातची कामे जपण्यासाठी केलेले अमेरिकेतील ते पहिले राष्ट्रीय उद्यान होय. 1978 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादी सुरू केली तेव्हा पहिल्या 12 स्थळांत त्याचे नाव होते. 1979 मध्ये चोरीविरुद्ध अधिक कडक कायदा आला, आणि 1990 च्या कायद्याने संग्रहालयांतील मानवी अवशेष व दफनातील वस्तू वंशजांना परत करणे बंधनकारक झाले.

तो कायदा फिनलंडला लागू नव्हता. तरीही होपी, झुनी, आकोमा आणि झिया या समाजांच्या प्रयत्नांनी 2020 मध्ये हेलसिंकीहून 20 माणसांचे अवशेष आणि त्यांच्याबरोबर पुरलेल्या 28 वस्तू परत आल्या आणि मेसा व्हर्डीच्या मातीत पुन्हा ठेवल्या गेल्या. जवळजवळ एकशे तीस वर्षांनी. घरातल्या माणसाच्या अस्थी पाण्यात सोडेपर्यंत आपल्या जिवाला जी अस्वस्थता असते, ती ज्याने अनुभवली आहे त्याला या बातमीचा अर्थ कळेल. ‘आत आता राहतंय कोण’ असे विचारणाऱ्या गृहस्थांना मी हे सांगू इच्छिते. त्या कपारी रिकाम्या आहेत असे पुएब्लो लोक मानत नाहीत. आपले पूर्वज तेथेच आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि आपण तेथे जातो तेव्हा त्यांच्या उंबरठ्यावर उभे असतो.

सहल कंपन्यांना मार्गदर्शकाची अट ही अडचण वाटते, हे मी समजू शकते. गट मोठा असतो, वेळ मोजका असतो, तिकिटे एकगठ्ठा मिळत नाहीत. पण ही अट कशी आली हेही पाहिले पाहिजे. न्यू मेक्सिकोत चाको कॅन्यन हे याच लोकांचे त्याहून जुने आणि त्याहून भव्य केंद्र आहे; तेथील पुएब्लो बोनितो या एका वाड्यात सहाशेहून अधिक खोल्या होत्या आणि काही ठिकाणी तो चार मजली होता. त्या दरीत फाहादा नावाचा एक उंच सुळका आहे. त्याच्या माथ्याजवळ तीन शिळा कड्याला टेकून उभ्या आहेत आणि त्यांच्या फटींतून येणारी उन्हाची तिरीप मागच्या खडकावर कोरलेल्या सर्पिल आकृतीवर पडते. वर्षातील सर्वांत मोठ्या दिवशी, दुपारच्या सुमारास, ती तिरीप सुऱ्यासारखी त्या सर्पिलाच्या बरोबर मधून उतरे. 1977 मध्ये हे लक्षात आले, कौतुक झाले, पाहणारे आणि अभ्यास करणारे वर चढू लागले. त्यांच्या पायांनी शिळांच्या बुडाची माती आणि खडी सरकली. 1989 मध्ये ध्यानात आले की एक शिळा जागची हलली आहे आणि तिरीप आता पूर्वीच्या ठिकाणी पडत नाही. शतकानुशतके टिकलेली ती योजना बारा वर्षांत बिघडली, आणि ती बिघडवणाऱ्यांत एकही जण वाईट हेतूने आलेला नव्हता. तो सुळका आता सर्वांसाठी बंद आहे. मेसा व्हर्डीतील स्प्रूस ट्री हाउस ही वस्ती तर 2015 पासून बंद आहे, कारण तिच्यावरील कपारीचा खडक सुटू लागला आहे.

त्यामुळे जी दारे अजून उघडी आहेत, ती मार्गदर्शकासह उघडी आहेत याचे मला काहीच वाईट वाटत नाही. उलट या प्रदेशात मार्गदर्शकाबरोबर जाणे हीच पाहण्याची खरी रीत आहे. ॲरिझोनातील कॅन्यन डी शे ही दरी नावाहो लोकांच्या मालकीच्या भूमीत आहे. तेथे नावाहो कुटुंबे आजही शेती करतात, मेंढ्या पाळतात, आणि दरीच्या तळाशी जायचे तर नावाहो मार्गदर्शक बरोबर घ्यावाच लागतो. मेसा व्हर्डीला लागूनच यूट लोकांचे स्वतःचे राखीव उद्यान आहे. तेथेही कपारीतील घरे आहेत, गर्दी जवळपास नाही, आणि यूट मार्गदर्शकाशिवाय प्रवेश नाही. नावाहो राष्ट्रीय स्मारकातील कीट सील या वस्तीला दिवसाला फक्त 20 जणांना जाता येते, तेही परवाना काढून आणि जाऊन येऊन सुमारे 27 किलोमीटर चालून. कॉर्तेझ गावाजवळ क्रो कॅन्यन ही पुरातत्त्व संस्था आहे. ती पुरातत्त्वज्ञ आणि पुएब्लो समाजातील जाणकार यांना एकत्र बरोबर देऊन लहान गटांच्या अभ्याससहली काढते. एकाने मातीतून काय कळते ते सांगायचे, दुसऱ्याने आजी-आजोबांकडून काय कळले ते सांगायचे. कोणतीही सहल कशी असावी याचा मला हा सर्वांत चांगला नमुना वाटतो.

आणि आकोमा. दुसऱ्या खेपेस आम्ही तेथेही गेलो. सुमारे 365 फूट उंचीच्या एका सरळ तुटलेल्या पठारावर ते गाव वसलेले आहे आणि अमेरिकेतील अखंड वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांत त्याची गणना होते. गावातल्याच मार्गदर्शकाबरोबर फिरायचे, छायाचित्रासाठी परवानगी घ्यायची, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि ज्या गल्लीत जाऊ नका म्हटले तेथे जायचे नाही. आमच्या मार्गदर्शक बाईंनी मेसा व्हर्डीचा उल्लेख आपण आजोळचा करतो तसा केला. तेथून आलो, वाटेत कुठे कुठे राहिलो, मग येथे आलो. आदल्या दिवशी पाहिलेल्या त्या कपच्यांच्या भिंती आणि या गावातल्या भिंतींना मातीने लिंपणाऱ्या बायका यांच्यामधला धागा मला तेव्हा दिसला. मेसा व्हर्डी दाखवणाऱ्या प्रत्येक सहलीने एखादे पुएब्लो गाव दाखवायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. दोन खरेदीचे थांबे कमी केले तरी त्याला वेळ निघतो.

आमच्या पहिल्या सहलीच्या आयोजकांनी नंतर माझ्या पत्राला उत्तर देताना, आत न नेण्यासाठी ज्येष्ठ नागरिकांचे कारण पुढे केले होते. ते मला अर्धेच पटते. क्लिफ पॅलेसची चढ-उतर शंभर फुटांची आहे आणि शिड्या आहेत. तेथल्याच बाल्कनी हाउस या दुसऱ्या वस्तीला तर 32 फुटांची शिडी चढावी लागते आणि 12 फूट लांबीच्या अरुंद बोगद्यातून रांगत जावे लागते, तेव्हा गुडघे दुखणाऱ्याने किंवा कोंडलेल्या जागेची भीती असणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. उंचीचाही विचार हवा: हे पठार दोन हजार मीटरच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून कितीतरी उंच, आणि पहिल्या दिवशी धाप लागते. परंतु आमच्या अडतीस जणांपैकी निदान वीस जणांनी क्लिफ पॅलेसची वाट सहज पार केली असती. मी स्वतः सहासष्टाव्या वर्षी पार केली. दोन वेगवेगळ्या वेळांची तिकिटे काढून गट विभागता आला असता. ज्यांना उतरायचे नाही त्यांना त्या वेळात संग्रहालय आणि फार व्ह्यूची सपाट वस्ती निवांत दाखवता आली असती. बस तीच, चालक तोच. लागणार होती ती फक्त आधीची आखणी.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्यावर आपल्या कंपन्यांनाच काम करावे लागेल. रेंजर इंग्रजीत बोलतात, भरभर बोलतात, आणि आपल्या सहलींतील निम्म्या लोकांना त्यातले फार थोडे कळते. टूर मॅनेजर मध्येच मोठ्याने भाषांतर करू लागले तर इतर गटाचा रसभंग होतो. यावर उपाय म्हणजे आदल्या संध्याकाळी हॉटेलात अर्धा तास सर्वांना एकत्र बसवून मराठीत सगळे सांगणे आणि चार पानांचे टिपण हाती देणे. ग्रँड कॅन्यनच्या हेलिकॉप्टर फेरीचे पैसे गोळा करण्यासाठी आमची अशी बैठक दीड तास चालली होती, तेव्हा अर्धा तास मिळणे अवघड नाही. माझ्यासारख्या निवृत्त इतिहास शिक्षिकेने असे टिपण आपल्या परीने तयार केले आहे. ज्या कंपनीला किंवा अमेरिकेतील ज्या महाराष्ट्र मंडळाला ते हवे असेल, त्यांना मी ते विनामूल्य देईन. डेन्व्हर, फिनिक्स, अल्बुकर्की या शहरांतील मराठी कुटुंबे लाँग वीकएंडला मुलांना घेऊन या भागात जातात. ती मुले इंग्रजीत सगळे समजून घेऊ शकतात, पण पाटा-वरवंटा म्हणजे काय हे त्यांना आजी-आजोबाच सांगू शकतील.

मी नाशिकची आहे. आमच्या पांडवलेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांच्या आसपास खडूने आणि खिळ्याने कोरलेली नावे मी लहानपणापासून पाहत आले. 2025 मध्ये शिवकालीन 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले 11 आपल्या राज्यात आहेत आणि पुढील काळात त्यांवरही मोठ्या सहली येतील. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावातला माणूस आपल्याला बरोबर घेऊन फिरवतो आहे, कुठे बसू नका ते सांगतो आहे आणि त्याचे मानधन तिकिटातच धरलेले आहे, अशी व्यवस्था मला येथेही पाहायला आवडेल. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

तूर्त माझी मागणी छोटी आहे. सहल कंपन्यांनी कार्यक्रमपत्रिकेत मेसा व्हर्डीपुढे ‘भेट’ असा मोघम शब्द न छापता ‘रेंजरसह आत प्रवेश’ किंवा ‘केवळ समोरच्या पॉइंटवरून दर्शन’ यांपैकी जे खरे असेल ते छापावे, आणि आत प्रवेश असेल तर तिकिटे कोणत्या दिवशी काढली जातील हेही प्रवाशाला कळवावे. आपल्या दैनिकाला विनंती अशी की सहलविषयक मजकुरात आणि शक्य असल्यास जाहिरातींतही या लोकांना ‘लुप्त जमात’ म्हटले जाऊ नये; ‘पुएब्लो लोकांचे पूर्वज’ हे चार-पाच अक्षरे अधिक जागा घेते, इतकेच. पुढील हंगामाचे बुकिंग आता सुरू होईल, म्हणून हे पत्र लवकर प्रसिद्ध झाल्यास उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक,
नाशिक